न दिलेल्या माफीचे आभार

आपले आभार नेमके कशाबद्दल मानले जात आहेत हे खारूच्या आईच्या ध्यानात आलं, तेव्हा खारू तिच्या मांडीवर गाढ झोपली होती. नाहीतर ती ताडकन उठून उभीच राहिली असती. पण अडीच वर्षांचं ते गाठोडं मांडीवर, एक हात त्याच्या मानेखाली अडकलेला, दुसऱ्या हातात कपबशी. बाई बसल्या जागी थिजली. कप बशीवर वाजायला लागला तसा शेजारून सासूबाईंनी तो अलगद काढून घेतला, आणि घेताना सुनेच्या नजरेला नजर देणं टाळलं. त्या टाळण्यानंच तिची उरलीसुरली शंका फिटली. म्हणजे यांनाही माहीत होतं.

वाचनालयाच्या वरच्या दालनात त्या दुपारी पंधरावीस कुटुंबं जमली होती. बाहेरदेशांतून शिकायला आलेल्या पोरापोरींना ज्यांनी वर्षभर आपल्या घरात ठेवून घेतलं, त्या घरांचे आभार मानायचा हा दरवर्षीचा मेळावा. संयोजक बाई मोठ्या खमक्या. भाषणांचा त्यांना मनापासून कंटाळा. त्यांनी वर्षानुवर्षं एकच नियम चालवला होता: पोरानं आपल्या घरच्यांच्या खुर्चीमागे उभं राहायचं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि घडलेला एक प्रसंग सांगायचा. एकच. ‘तुम्ही फार प्रेमळ आहात’ असलं काही चालणार नाही, त्या दारातच बजावत. प्रेमळ आहेत तर काय केलं ते सांगा. मग घरच्यांनी उत्तरादाखल दोन शब्द बोलायचे, आणि पोराला आणखी वर्षभर राहायचं असेल तर होकार-नकार तिथेच, सगळ्यांसमोर द्यायचा. मागाहून फोनवर कुजबुजत नकार देणारी घरं त्यांनी फार पाहिली होती.

खारूची आई नकार ठरवून आली होती.

तिच्या घरी राहत होती ती पाहुणी. नाव होतं की तिला. पण ते सासूबाईंच्या जिभेवर बसेना, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिची ‘पाहुणी’ झाली आणि घरातली भांडी घासायला लागली तरी पाहुणीच राहिली. ती दातांचे साचे आणि कवळ्या बनवायचं शिकत होती. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं एक संपत आलेलं. राहायला घर नसेल तर दुसरं वर्ष नाही. गाशा गुंडाळून परत. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या खोलीच्या खिडकीत प्लास्टरच्या दातांची रांग लागलेली असे, आणि खारू जाता-येता त्यातला एखादा जबडा उचलून चाटून बघे. प्लास्टरची पूड पोटात गेली तर काय होतं, हे खारूच्या आईनं तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचून ठेवलं होतं.

ती होतीच तशी. औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं तपासण्याच्या टेबलावर तिची नोकरी. समोरच्या पट्ट्यावरून चंदेरी पाकिटं सरकत जातात आणि एखाद्या खळग्यात गोळी नसेल तर ती धावत्या पाकिटांतून नेमकं तेवढंच पाकीट उचलते. शिक्षण रसायनशास्त्राचं, पण नोकरी डोळ्यांची, असं ती म्हणे. ते डोळे संध्याकाळी घरी आले की मिटत नसत. खारूला खारू म्हणत ते तिच्या गालात घास साठवायच्या सवयीवरून. घरातले सगळे त्यावर हसत. आई मात्र झोपलेल्या पोरीच्या गालातून बोट फिरवून खात्री करून घेई. नवरा म्हणायचा, आमच्याकडे कारखाना सुटतो पण तपासणी सुटत नाही. आणि मग त्या घरात हळूहळू एक रीत पडून गेली. काही खुट्ट झालं की आधी एकच वाक्य: ‘हिला सांगू नका.’ पोरगी सोफ्यावरून पडली, हिला सांगू नका. बिल भरायचं राहिलं, हिला सांगू नका. सांगितलं की ती रात्रभर जागी, आणि तिच्याबरोबर सगळं घर जागं.

पण डोळ्यांना सांगावं लागत नाही. थंडीच्या सुरुवातीला कधीतरी खारूनं लिफ्टमध्ये पाऊल टाकणं बंद केलं. दार उघडलं की ती आईच्या मांडीला घोरपडीसारखी चिकटे. चार मजले कडेवर घेऊन चढायचे. सासूबाईही जिन्यानं चढायला लागल्या. डॉक्टरांनी गुडघ्याला व्यायाम सांगितलाय म्हणाल्या. त्याच सुमाराला पाहुणीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. प्रयोगशाळेत लागलं म्हणे, हेही सासूबाईच म्हणाल्या. आणि एकदा अंगावर पाणी घालताना खारूनं आईला अगदी स्पष्ट सांगितलं, ‘काळोख. ताई ओरडली.’

ताई म्हणजे पाहुणी.

त्या तीन शब्दांवर खारूच्या आईचं मन अडकून बसलं. पोरीला अंधारात कोंडते की काय ही? बाथरूममध्ये? मोरीच्या दिव्याचं बटण तर बाहेरच आहे. तिनं कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर हिच्या डोक्यात भलतंच येतं म्हणून तिघांनी मिळून तिलाच गप्प बसवलं असतं. मग तिनं आपल्या पद्धतीनं तपासणी सुरू केली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून न सांगता घरी यायचं, चप्पल हातात घेऊन दाराशी कान लावायचा. आत दर वेळी पाहुणी खारूला प्लास्टरच्या दातांशी बोलायला शिकवत असे. तरी संशय काही फिटेना, उलट वाटे, चांगली सावध आहे पोरगी. शेवटी तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं की पुढचं वर्ष नको. का, त्यानं विचारलं. खारू फार तिच्या अंगावर गेलीय, ती म्हणाली. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, एरवी स्क्रूवरूनसुद्धा तासभर वाद घालेल. त्या दिवशी त्यानं मान खाली घातली आणि ‘बघ, तुझं तू ठरव’ म्हणाला. तेव्हाच खरं तर तिनं कान टवकारायला हवे होते.

आता पाहुणी खुर्चीमागे उभी होती. पाठीवर ठेवलेली तिची बोटं खारूच्या आईच्या खांद्याला लागत होती. भाषा ती छान शिकली होती. फक्त प्रत्येक शब्द जमिनीवर ठेवून मग पुढचा उचलल्यासारखी बोलायची.

‘मी त्या दिवशी खारूला घेऊन बाजारातून आले,’ ती म्हणाली. ‘तिला लिफ्टमध्ये उभं केलं. पिशवी दाराबाहेर राहिली होती, ती घ्यायला मी एक पाऊल बाहेर टाकलं. दार बंद व्हायला लागलं. मी हात मध्ये घातला, पण दार थांबलं नाही. मला हात ओढून घ्यावा लागला. वरून कुणीतरी बटण दाबलं असेल. लिफ्ट खारूला एकटीला घेऊन वर गेली.’

दालनात कुणीतरी श्वास आत ओढला. खारूच्या आईनं कदाचित ओढलाच नाही. तिनं खाली बघितलं. लेक होती. मांडीवर होती, गरम होती, तोंडातून लाळेचा धागा लोंबत होता. तरीही तिला ती दिसेनाशी झाल्यासारखं वाटलं.

पाहुणी सांगत गेली. लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली अडकली. आतला दिवा गेला. बाहेरच्या दाराला काचेची उभी पट्टी होती, त्यातून मोबाइलचा उजेड टाकला तर आतलं दार नीट न मिटलेलं दिसलं आणि त्या फटीत खारूची बोटं. लिफ्ट हलली असती तर. हे वाक्य तिनं पूर्ण केलं नाही. ‘मी ओरडले,’ ती म्हणाली. ‘मी लहान मुलावर कधी ओरडले नव्हते. खूप मोठ्यानं ओरडले, खाली बस म्हणून. ती घाबरली आणि बसली. बोटं निघाली. मग आजी आल्या, त्या काचेशी बसून तिला गोष्ट सांगत राहिल्या. दादा कामावरून आले आणि त्यांनी किल्लीनं दार उघडलं.’

काळोख. ताई ओरडली. खारूच्या आईच्या डोक्यात ते दोन तुकडे आपापल्या जागी बसले, आणि बसताना मोठा आवाज झाला असं तिला वाटलं. प्रत्यक्षात दालन शांत होतं.

‘माझ्या घरी असं झालं असतं तर माझ्या आईनं मला दारात उभं केलं नसतं,’ पाहुणी म्हणाली. ‘दादांनी त्याच संध्याकाळी वहिनींना सगळं सांगितलं. मी बॅग भरून बसले होते. दादा आत येऊन म्हणाले, तिनं तुला माफ केलंय, फक्त तो विषय पुन्हा काढू नकोस, तिला त्रास होतो. मी काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी कामाला निघाल्या, आणि खारूला त्यांनी माझ्याच हातात दिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. नेहमीसारखं म्हणाल्या, घास लहान दे. मला तेवढंच सांगायचं होतं. त्याबद्दल आभार.’

टाळ्या वाजल्या. पलीकडच्या रांगेतल्या एक आजीबाई पदरानं डोळे टिपत होत्या. संयोजक बाई, ज्यांना आजवर कुणी हललेलं पाहिलं नव्हतं, त्याही जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

खारूच्या आईला ती सकाळ आठवत होती. चांगली आठवत होती, कारण तशा शेकडो सकाळी होत्या. तिनं लेक दिली होती कारण बस चुकत होती. तिचा चेहरा गप्प होता कारण डोकं दुखत होतं. आणि ही पोर त्या चेहऱ्यात माफी वाचून महिनोन्महिने जगत होती. त्याच महिन्यांत आपण चप्पल हातात घेऊन हिच्या दाराशी उभ्या होतो.

तरीही तिचे डोळे काम थांबवत नव्हते. सगळ्या गोष्टीत एक खळगा रिकामा होता आणि तो तिला दिसत होता. ‘मी हात मध्ये घातला, पण दार थांबलं नाही.’ लिफ्टवाल्याच्या बायकोला एवढं कळतं. मध्ये हात आला की दार मागे गेलं पाहिजे. त्यासाठीच तिथे सेन्सर बसवलेला असतो. आणि थंडी पडायच्या आधी एका रविवारी हाच माणूस तिला हसत हसत म्हणाला होता की आपल्याच इमारतीचं दार हट्टी झालंय, सेन्सर बदलायला हवा. मग बदल की, ती म्हणाली होती. घरचंच काम आहे, बघू सवडीनं, असं म्हणून त्यानं कूस बदलली होती.

तिनं मान वळवली. पलीकडच्या खुर्चीवर नवरा बुटाच्या नाड्यांकडे बघत होता.

‘सेन्सर?’ तिनं विचारलं. एवढंच, आणि हळू.

‘त्याच रात्री बदलला,’ तो पुटपुटला. ‘तुला सांगणार होतो.’

‘आणि तिला?’

त्यानं एक नाडी सोडून पुन्हा बांधली. पाहुणीची बोटं चेंगरली, खारू अडकली, आणि तो सगळा दोष त्या परक्या मुलीनं आपला म्हणून उचलला, तो यानं उचलू दिला. वर बायकोच्या नावानं माफीही परस्पर वाटून टाकली. लग्नानंतर पहिल्यांदा तिला नवऱ्याकडे बघून भीती वाटली. चोर घरात शिरल्यावर वाटते तशी नव्हे. रोजच्या जिन्याची एक पायरी एकाएकी नाहीशी व्हावी तशी.

संयोजक बाईंनी तिच्याकडे बघून मान हलवली. आता घरच्यांचे दोन शब्द.

सासूबाई लगबगीनं सावरून बसल्या. सुनेला बरं वाटत नाहीये, आपणच बोलतो, असं काहीसं त्या सुरू करत होत्या. खारूच्या आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याच, व्यायामवाल्या.

‘मला हे आत्ता कळलं,’ ती म्हणाली.

आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. खांद्याला लागलेली बोटं एकदम उचलली गेली. ती मागे वळली, खारूला सावरत, अर्धीमुर्धी. पाहुणीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती एकदा वहिनीकडे, एकदा दादांकडे बघत होती.

‘मला कुणी सांगितलं नव्हतं,’ खारूची आई पुढे बोलली, आता तिच्याकडे बघून. ‘मी तुला माफ केलेलं नाही, कारण मला काही माहीतच नव्हतं. आणि तू हात घातलास ना, तेव्हा दार थांबायला हवं होतं. ते बिघडलेलं होतं. ते कुणाला माहीत होतं ते मी घरी गेल्यावर विचारीन. तुझ्याकडून नव्हतं बिघडलं.’

कुठेतरी एक चमचा बशीत पडला.

‘मी आज हिला नाही म्हणायला आले होते,’ ती संयोजक बाईंना म्हणाली. ‘खारू म्हणायची, ताई ओरडली. मला वाटलं होतं काही वेगळंच. ते इथे सांगण्यासारखं नाही, हिला एकटीला सांगेन. सांगायलाच हवं.’ ती थांबली. खारूच्या मुठीत अंगठा घालून तिनं बोटं मोजल्यासारखी चाचपली. ‘हिला राहायचं असेल तर आमच्या घरी जागा आहे. बाकीच्या दोघांना ठेवायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही.’

मागच्या रांगेत हशा पिकला आणि हळूहळू सगळं दालन हसलं. मोकळं व्हायला लोकांना काहीतरी हवंच होतं. संयोजक बाईही हसल्या. हसले नाहीत ते फक्त ज्यांच्याविषयी ती बोलली ते दोघे, आणि पाहुणी. तिला काय उत्तर द्यायचंय ते संयोजक बाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की संध्याकाळपर्यंत वेळ द्या. नियमात बसत नव्हतं. बाईंनी दिला.

घरी परतताना सासूबाई दोन पावलं मागून येत होत्या, आणि कोपऱ्यावर न राहवून म्हणाल्या, ‘अगं, तू झोपली नसतीस आठवडाभर.’

‘नसते झोपले, आई,’ ती म्हणाली. ‘पण जागी कशासाठी आहे ते तरी कळलं असतं. आता इतके महिने भलत्याच गोष्टीसाठी जागले.’

सासूबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. थोड्या वेळानं, जवळजवळ स्वतःशीच, म्हणाल्या, ‘काचेतून गोष्ट सांगताना मलाच शेवट आठवेना. तीच तीच सांगत राहिले.’

तळमजल्यावर लिफ्टशी येऊन सगळे थबकले. खारू जागी झाली होती. दार दिसताच तिनं पाहुणीच्या मानेला मिठी मारली. आता ती तिच्या कडेवर होती.

‘उघड,’ खारूची आई नवऱ्याला म्हणाली.

त्यानं बटण दाबलं. दार उघडलं आणि थोड्या वेळानं मिटायला लागलं. तिनं हात मध्ये घातला. पाहुणीच्या तोंडून अस्फुट काहीतरी निघालं. दार तिच्या मनगटाशी यायच्या आत थांबलं आणि मुकाट्यानं मागे सरलं. तिचा हात तसाच हवेत राहिला.

‘पुन्हा,’ ती म्हणाली.

त्यानं पुन्हा दाबलं. तिनं पुन्हा हात घातला. मग खाली वाकून खारूच्या उंचीवर घातला, मग नुसतं एक बोट. प्रत्येक वेळी दार मागे गेलं. नवरा बटणावर अंगठा ठेवून उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्यानं दुसरा हात वापरला नाही. मग बायको बाजूला झाली तेव्हा तो पाहुणीकडे वळला.

‘सेन्सर गेला होता,’ तो म्हणाला. ‘मला माहीत होतं. आधीपासून. मी तुला सांगायला हवं होतं.’

पाहुणीनं उजव्या हाताची दोन बोटं उघडमीट केली. दादांकडे तिनं बघितलंही नाही. मग खारूला घेऊन ती जिन्याकडे वळली. तिसऱ्या पायरीवर थांबून तिनं मागे पाहिलं.

‘वहिनी, तुम्ही मला एकटीला काहीतरी सांगणार होता.’

‘हो.’

‘खूप वाईट आहे?’

‘वाईट आहे,’ खारूची आई म्हणाली. ‘माझ्याकडून आहे.’

पाहुणीनं मान हलवली, जणू एवढ्या गोष्टींत अजून एक धरून चालायची होती. ‘मग आधी ते ऐकते,’ ती म्हणाली. दोन पायऱ्या चढली आणि पुन्हा थांबली. खारू तिच्या खांद्यावरून आईकडे बघत होती, गाल फुगलेला. मेळाव्यातलं बिस्कीट अजून आतच असणार. ‘दात मी सकाळीच खोक्यात भरून ठेवले होते. ते परत खिडकीत मांडले तर चालतील का?’

खारूची आई दोन-दोन पायऱ्या टाकत तिच्यापर्यंत पोचली, लेकीच्या गालात बोट घातलं आणि भिजलेलं बिस्कीट बाहेर काढलं.

‘मांड,’ ती म्हणाली. ‘पण वरच्या फळीवर. खालचे ही चाटते.’